छरा कोणता घ्यावा? तो शेवटीं कोठें पडतो तें पाहून

शेतकीच्या मासिकांत छऱ्यांचा विषय पाहून कांहीं वाचकांस नवल वाटेल. खतें, बियाणें, पाटपाणी व बाजारभाव हे आपले नेहमींचे विषय. त्यांत खेळण्यांतल्या बंदुकीच्या गोळ्यांना जागा कशाला, असें कोणीही विचारील. परंतु गेल्या कांहीं वर्षांत ह्या गोळ्या दोन वाटांनीं आपल्या रानांत येऊं लागल्या आहेत. पहिली वाट म्हणजे वानरें, पाखरें व डुकरें हांकण्यासाठीं शेतकऱ्यानें स्वतः विकत घेतलेली हवेची बंदूक. दुसरी वाट अधिक नवी आहे. शहराजवळच्या पडीत जमिनींत किंवा पर्यटनासाठीं राखलेल्या तुकड्यांत सुटीच्या दिवशीं तरुण मंडळी लुटुपुटीची लढाई खेळावयास येतात आणि जमीनमालकास दिवसाचें भाडें मिळतें. महाराष्ट्र शासनानें २०२० सालीं कृषि-पर्यटनाचें धोरण जाहीर केलें, तेव्हांपासून अशा जोडधंद्याकडे पुष्कळांचें लक्ष वळलें आहे. जोडधंद्याविषयीं माझी तक्रार नाहीं. चार पैसे येत असतील तर ते अवश्य यावेत.

माझें म्हणणें एवढेंच आहे कीं, ह्या दोन्ही वाटांनीं येणाऱ्या छऱ्याची निवड आज दुकानदार किंवा खेळाडू करतो, आणि ती तो आपल्या सोयीनें करतो. छरा किती लांब जातो, किती नेमका लागतो व किती स्वस्त पडतो, हे त्याचे तीन प्रश्न. शेतकऱ्यानें चौथा प्रश्न विचारावा व तो सर्वांच्या आधीं विचारावा: हा छरा शेवटीं कोठें पडून राहणार? महसुली दप्तरांत तीस वर्षें घालविलेल्या माणसास जमिनीवर काय आहे आणि तें कोणाच्या नांवें आहे हें पाहण्याची खोड लागते. ती खोड येथें उपयोगीं पडेल अशी आशा आहे.

प्रथम नांवांचा घोळ काढून टाकूं. बाजारांत 'छरा' ह्या एका शब्दाखालीं निदान चार वस्तू विकल्या जातात. हवेच्या बंदुकीचा शिशाचा छरा, पोलादी गोल छरा, एअरसॉफ्ट नांवाच्या खेळाची प्लास्टिकची गोळी, आणि रंगाच्या अथवा पाण्यानें फुगणाऱ्या मऊ गोळ्या. पहिले दोन ४.५ मिलीमीटरचे असतात, एअरसॉफ्टची गोळी ६ मिलीमीटरची असते. एकाचा दारूगोळा दुसऱ्याच्या नळींत घालावयाचा नसतो, हें तर उघडच आहे.

हवेच्या बंदुकीचा इतिहास शेतकऱ्यास अगदींच परका नाहीं. अमेरिकेंत मिशिगन राज्यांतील प्लिमथ गांवीं विहिरींवर बसवावयाच्या लोखंडी पवनचक्क्या करणारी एक कंपनी होती. १८८८ सालच्या सुमारास ह्या कारखान्यांत हवेची एक लहान बंदूक तयार झाली, व पवनचक्की घेणाऱ्या शेतकऱ्यास ती भेट म्हणून देण्याचा प्रघात पडला. लोकांस चक्कीपेक्षां भेटच अधिक आवडली. १८९५ सालीं कंपनीनें पवनचक्कीचें नांव टाकून देऊन बंदुकीचें 'डेझी' हेंच नांव धारण केलें. खताच्या गोणीबरोबर बादली फुकट देणाऱ्या आपल्याकडील व्यापाऱ्यांनीं ही हकीकत ध्यानांत ठेवण्याजोगी आहे.

आतां शिशाचा छरा घेऊं. हा कमरेंत बारीक व दोन्ही अंगांस रुंद, डमरूसारखा असतो. त्याची मागची बाजू पोकळ असते. हवेचा दाब बसतांच तिची कड फुलून नळीच्या आंतील आट्यांत घट्ट धरते, आणि छरा फिरकी घेत बाहेर पडतो. हें काम मऊ शिशाइतकें चांगलें दुसऱ्या धातूस साधत नाहीं, म्हणूनच शिसें अजून टिकून आहे. पुढचें डोकें सपाट, गोलाकार, टोकदार किंवा खोलगट असतें. टोकदार छरा पाहून गिऱ्हाईक भुलतें. त्याचें टोंक जितकें भयंकर दिसतें तितका त्याचा नेम भरंवशाचा नसतो. लांबच्या अंतरावर गोलाकार डोक्याचा छरा वारा बरा कापतो. सपाट डोक्याचा छरा कागदांत शिक्क्यासारखें स्वच्छ भोंक पाडतो व तें मोजावयास सोपें जातें, म्हणून दहा मीटरच्या सामन्यांत तोच वापरतात. अभिनव बिंद्रा यांनीं २००८ सालीं बीजिंग येथें ऑलिंपिक सुवर्णपदक मिळविलें तें ह्याच प्रकारांत, आणि ठाण्याचे रुद्रांक्ष पाटील २०२२ सालीं कैरो येथें जगज्जेते झाले तेही ह्याच प्रकारांत. घरांतील मुलामुलींस ह्या विद्येचा नाद असेल तर सपाट डोक्याचा छरा, कागदाचें लक्ष्य व दहा मीटर अंतर, एवढ्यावर तो पुरवावा. शेतकरी कुटुंबास शिशाच्या छऱ्याचा ह्याहून दुसरा सरळ उपयोग मला तरी दिसत नाहीं.

कारण राखणीसाठीं ही बंदूक निरुपयोगी आहे. २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणें ०.१७७ इंचापर्यंतच्या नळीच्या आणि २० ज्यूलपर्यंत शक्तीच्या हवेच्या बंदुकीस परवाना लागत नाहीं. ह्या सवलतीचा अर्थ पुष्कळ जण भलताच करतात. बंदुकीस परवाना लागत नाहीं म्हणून ती जनावरावर चालवावयास मोकळीक आहे असें समजणें, म्हणजे सात-बाऱ्यावर आपलें नांव आहे म्हणून शेजाऱ्याचा बांध कोरण्यासारखें आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमांत शिकार या शब्दांत वन्य प्राण्यास जखमी करणेंही येतें. मोरास व पोपटास त्या अधिनियमाचें संरक्षण आहे, मग ते कोणाच्या भुईमुगावर किंवा पेरूवर बसलेले कां असेनात. शिवाय व्यवहाराच्या दृष्टीनेंही हा सौदा खोटाच. एवढ्याशा शक्तीचा छरा रानडुकराच्या कातड्यांत रुतून बसतो, त्यास मारीत नाहीं. जखम चिघळते, आणि पिसाळलेलें जनावर दुसऱ्या दिवशीं ज्वारींत कोणाच्या अंगावर जाईल तें सांगतां येत नाहीं. आवाजानें भिवविण्यासही ही बंदूक कामाची नाहीं, कारण तिला आवाजच बेताचा. माळ्यावरून फुटणारा गोफणीचा फटका तिच्याहून दूर ऐकूं जातो, व गोफणींतून सुटलेला वाळल्या मातीचा गोळा जेथें पडेल तेथें पुन्हां माती होतो.

अरुणाचल प्रदेशांत घरोघर अशा बंदुका होत्या व रानांतील पाखरें त्यांना बळी पडत होतीं. २०२१ सालीं तेथील सरकारनें लोकांस त्या आपखुशीनें जमा करण्याचें आवाहन केलें, आणि हजाराहून अधिक बंदुका जमा झाल्या. शिकार हा ज्यांचा पिढीजात रिवाज, त्या लोकांनीं हें केलें. आपल्याकडे तर तो रिवाजही नाहीं.

आतां चौथा प्रश्न. शिशाचा छरा पडल्या जागीं कुजत नाहीं. अंगणांतील कोंबडीस दांत नसतात. ती बारीक खडे गिळून पोटांतील जाड पिशवींत त्यांच्या साह्यानें दाणा दळते. खडा समजून तिनें छरा उचलला तर तोही दाण्याबरोबर दळला जातो, आणि शिशाचें विष रक्तांत भिनतें. पाणथळीच्या बदकांवर हाच प्रसंग आल्यामुळें अमेरिकेंत १९९१ पासून पाणपक्ष्यांच्या शिकारींत शिशाचे छरे बंद झाले, डेन्मार्कनें १९९६ सालीं तसेंच केलें, आणि युरोपीय संघानें फेब्रुवारी २०२३ पासून सर्व पाणथळ जागीं ते बंद केले. हे नियम शिकारीच्या बंदुकीसाठीं आहेत, हवेच्या बंदुकीसाठीं नव्हेत, हें खरें. पण कोंबडीच्या पोटास तो भेद कळत नाहीं. डायक्लोफेनॅक हें औषध आपण गुरांस चांगल्या हेतूनेंच देत होतों. मेलेल्या गुरांच्या मांसांतून तें गिधाडांच्या पोटांत गेलें आणि गिधाडांचा जवळजवळ उच्छेद झाला, तेव्हां २००६ सालीं त्यास गुरांपुरती बंदी आली. वस्तु आपल्या हातून सुटल्यावर कोणाच्या पोटांत जाते, हें पाहण्याची संवय आपण तेव्हांच लावून घ्यावयास हवी होती.

म्हणून शिशाचे छरे मारावयाचेच असतील तर लक्ष्यामागें वाळूनें भरलेली खोल पेटी ठेवावी आणि महिन्याकांठीं ती चाळून शिसें काढून घ्यावें. कडब्याची पेंढी किंवा भुसकटाचें पोतें मागें लावण्याची कल्पना सहज सुचते, कारण तें हाताशीं असतें. तें कदापि करूं नये. गुरें वैरणींतून खिळा निवडीत नाहींत, हें प्रत्येक शेतकऱ्यास ठाऊक आहे. छराही निवडणार नाहींत. मुलें बंदूक भरतांना दोन-चार छरे तोंडांत धरतात, ती खोड पहिल्याच दिवशीं मोडावी, व खेळ झाल्यावर साबणानें हात धुतल्याशिवाय त्यांस भाकरीस शिवूं देऊं नये.

पोलादी गोल छऱ्याविषयीं फार लिहावयास नको. तो स्वस्त असतो, विषारी नसतो, पण कठीण असल्यामुळें दगडावर, खांबावर किंवा बाभळीच्या बुंध्यावर आपटून उलट येतो. आपले बांध काळ्या दगडाचे. डोळ्यास जाड चष्मा नसेल तर हा छरा घेऊंच नये. आणि शेजारच्या रानांत खुरपणाऱ्या बायांस चष्मे नसतात. कथलाच्या मिश्रणाचे नवे बिनशिशाचे छरे निघाले आहेत. ते हलके व कठीण असतात, सर्वच नळ्यांस मानवत नाहींत व थोडे महाग पडतात. तरी ज्याच्या दारांत कोंबड्या आहेत त्यानें पैशाकडे न पाहतां तेच घ्यावेत असें मी म्हणेन.

खरा विचार करावयाचा तो एअरसॉफ्टच्या गोळीचा, कारण ती मुठीनें नव्हे, किलोनें येते. हा खेळ जपानांत १९७० नंतरच्या दशकांत निघाला. तेथें खऱ्या बंदुकीवर कडक निर्बंध असल्यामुळें हौशी लोकांनीं प्लास्टिकची गोळी सोडणाऱ्या हुबेहूब बंदुका केल्या. गोळीचा व्यास ६ मिलीमीटरला किंचित् कमी असतो आणि निवड होते ती वजनावर. ०.१२ ग्रॅमची गोळी दुबळ्या स्प्रिंगच्या खेळण्यासाठीं, ०.२० व ०.२५ ग्रॅमच्या सर्वसाधारण खेळासाठीं, ०.३० व त्यावरील दूरच्या नेमासाठीं. हलकी गोळी वेगानें सुटते पण वाऱ्यानें वाहवते. जड गोळी सावकाश जाते पण वाट सोडीत नाहीं. नळींत रबराचा एक लहानसा उंचवटा असतो, तो गोळीस उलटी फिरकी देतो व त्यामुळें ती तरंगल्यासारखी दूर जाते. ०.२० ग्रॅमची गोळी सेकंदास १०० मीटर वेगानें सुटली तर तिच्यांत बरोबर १ ज्यूल शक्ति असते. जपानच्या कायद्यानें मर्यादा जवळजवळ एवढीच ठेवली आहे. इंग्लंडांत २०१७ च्या कायद्यानें ती आपोआप झडणाऱ्या बंदुकीस १.३ व एकेक गोळी सोडणाऱ्या बंदुकीस २.५ ज्यूल आहे. कातडीवर वळ उठण्यास व उघडा डोळा जाण्यास १ ज्यूलही पुरे होतो.

खेळाडूस जाणकार मंडळी सांगतात कीं, गोळी गुळगुळीत असावी, तिच्यावर सांध्याची रेघ नसावी, आणि जमिनीवर पडलेली गोळी पुन्हां वापरूं नये, कारण तिला लागलेली धूळ नळी खराब करते. सल्ला अगदीं योग्य आहे. परंतु जमीनमालकानें त्याचा अर्थ ओळखावा. एकदां सुटलेली गोळी वेंचण्यांत खेळाडूस कवडीचा लाभ नाहीं. ती जेथें पडली तेथेंच राहणार.

किती राहणार याचा हिशेब मांडून पाहूं. एक किलोच्या पिशवींत ०.२० ग्रॅमच्या पांच हजार गोळ्या बसतात. समजा, वीस गडी आले आणि दिवसभरांत प्रत्येकानें एक हजार गोळ्या उडविल्या, तर वीस हजार गोळ्या, म्हणजे चार किलो प्लास्टिक रानांत पडलें. रान एक एकराचें असेल तर एकर म्हणजे ४३,५६० चौरस फूट. दर दोन-सव्वादोन चौरस फुटांस एक गोळी झाली. वर्षांत असे दहा दिवस धरले तर दर चौरस फुटास साडेचार गोळ्या आणि एकरांत चाळीस किलो प्लास्टिक. एवढें खत कोणी मागितल्यावांचून टाकलें असतें तरी आपण त्याला जाब विचारला असता.

आतां ह्या तुकड्यांत पुढच्या खरिपांत सोयाबीन पेरलें अशी कल्पना करा. सोयाबीनचा दाणा सुमारें सहा मिलीमीटरचा, गोल व पिवळसर. गोळी सहा मिलीमीटरची, गोल व पांढरी. शंभर दाण्यांचें वजन दहा ते तेरा ग्रॅम भरतें, म्हणजे ०.१२ ग्रॅमची गोळी वजनानेंही दाण्याशीं जुळते. शेंगा अगदीं बुंध्यापर्यंत लागतात, कापणी जमिनीलगत होते, आणि खळ्यावर माती-खड्यांबरोबर गोळ्याही येतात. चाळणी आकार पाहते, वारा वजन पाहतो, आणि घरंगळणारा दाणा वेगळा काढणारें यंत्र गोलाई पाहतें. ह्या तिन्ही परीक्षांत गोळी पास होते. आमच्या तालुक्यांतील एका गृहस्थांचा माल व्यापाऱ्यानें मूठभर नमुना हातांत घेऊन परत केला. त्यांस भाड्याचे जे रुपये मिळाले होते, ते माल निवडणाऱ्या बायांच्या मजुरींत गेले.

ह्यावर विकणाऱ्यांचें ठरलेलें उत्तर असतें कीं, आमची गोळी मातींत विरघळणारी आहे. त्यांत कांहीं सत्य आहे. अशा गोळ्या पी.एल.ए. नांवाच्या पदार्थाच्या असतात, व तो मक्याच्या किंवा उसाच्या साखरेपासून बनतो. आपल्याच मालापासून बनलेली वस्तु म्हणून ती आपल्याला जवळची वाटते. परंतु पी.एल.ए. झपाट्यानें कुजावयास साठ अंशांच्या आसपास उष्णता आणि ओल ही दोन्ही एकाच वेळीं व बराच काळ लागतात. कारखान्यांतील कंपोस्टच्या ढिगांत तीं मिळतात. रानांत वैशाखांत मातीचा वरचा थर तापतो खरा, पण तेव्हां ओल नसते. मृगांत ओल येते तेव्हां माती निवते. त्यामुळें साध्या जमिनींत ही गोळी वर्षानुवर्षें तशीच राहूं शकते. जड वजनाच्या गोळींत खनिजांची भर असते, ती तर कुजण्यांतलीच नव्हे. पुडक्यावर 'कंपोस्टयोग्य' असा आय.एस. १७०८८ चा उल्लेख दिसला तरी तें मानक कारखान्यांतील कंपोस्टास धरून केलेलें आहे, हें विसरूं नये. साध्या प्लास्टिकपेक्षां पी.एल.ए. बरें, एवढेंच मी मान्य करतों. तें वेंचण्यापासून सुटका करीत नाहीं.

मग माझी निवड कोणती? लढाईचा खेळ द्यावयाचाच असेल तर रंगाच्या गोळ्यांचा द्यावा. ह्या गोळ्या मुळांत खेळासाठीं नव्हत्याच. अमेरिकेंत तोडावयाच्या झाडांवर व कळपांतील गुरांवर दुरून खूण करण्यासाठीं त्या निघाल्या. त्या सोडणारें पिस्तूल डेझी कंपनीनेंच करून दिलें होतें. १९८१ सालीं न्यू हॅम्पशायरच्या जंगलांत कांहीं मित्रांनीं तीं पिस्तुलें एकमेकांवर चालवून पाहिलीं व खेळ सुरू झाला. आजच्या खेळांतील गोळीचें कवच जिलेटिनचें असतें व आंतील रंग पाण्यानें धुऊन जातो. एक पाऊस झाला कीं रान मोकळें. राखणीच्या कुत्र्यानें मात्र त्या फार खाल्ल्या तर तें आजारी पडतें, म्हणून खेळाच्या दिवशीं कुत्रें बांधून ठेवावें. पाण्यानें फुगणाऱ्या गोळ्या म्हणजे कोरडवाहू शेतींत ओल धरण्यासाठीं आपण जें हायड्रोजेल वापरतों त्याच जातीचा पदार्थ. रानास त्यांचा उपद्रव कमी, पण कोरडी गोळी लहान मुलानें गिळली तर ती आंतड्यांत फुगून अडकते. वाडीवर मुलें असतील तर त्या नकोतच.

एअरसॉफ्टवाल्यांसच जागा द्यावयाची असेल, तर तोंडी बोलीवर देऊं नये. करारांत गोळीचा प्रकार, वजन व रंग लिहून घ्यावा. रंग निळा मागावा. आपल्याकडच्या कोणत्याही दाण्याचा रंग निळा नाहीं. खेळ पेरणीच्या रानांत न होतां मुरमाड, पडीत तुकड्यांत व्हावा, चारी बाजूंस बारीक जाळी बांधावी, मोठ्या गोळीबाराच्या जागेखालीं ताडपत्री अंथरावी, आणि वेंचणीची मजुरी आगाऊ अनामत म्हणून ठेवून घ्यावी. वेंचणी मालकाच्या समक्ष व्हावी. खेळाचा दिवस शेजाऱ्यांस दोन दिवस आधीं कळवावा, म्हणजे ते त्या बाजूस माणसें लावणार नाहींत. जमीन शेतीखेरीज इतर कामास वापरतांना तलाठ्यामार्फत काय रीतसर करावें लागतें तें आधीं विचारून घ्यावें. मागाहून दंड भरतांना गोळी कोणत्या वजनाची होती हें कोणी विचारीत नाहीं.

अशा कराराचा एक नमुना आपल्या संस्थेनें वकिलाकडून तपासून छापून ठेवावा व सभासदांस मागतांच द्यावा, अशी माझी सूचना आहे. येत्या सर्वसाधारण सभेपुढें ती मांडण्यासाठीं मीं चिटणिसांकडे लेखी अर्ज दिला आहे. ज्या सभासदांनीं आपली जमीन खेळासाठीं दिली असेल त्यांनीं आपल्या रानांतील एक चौरस फूट माती चार बोटें खोल चाळून किती गोळ्या निघतात तें मोजावें, आणि तो आंकडा गट नंबरासह सभेस घेऊन यावें.